चाकांवरचे बिऱ्हाड : एक पुस्तक, एक चित्रपट आणि एक प्रश्न

अमेरिकेविषयी आपल्या घरांतून जे बोलले जाते ते बहुधा दोन प्रकारचे असते. तेथे पैसा मुबलक आहे, कष्ट करणाऱ्यास कशाची ददात पडत नाही, हा एक प्रकार. तेथील मुले आईबापांना विचारीत नाहीत, म्हातारपणी जो तो एकटा, हा दुसरा. पहिले वाक्य मुलाच्या व्हिसासाठी नोव्हेना करताना उच्चारले जाते. दुसरे, तो मुलगा तेथे स्थायिक झाल्यावर. दुसरे वाक्य आम्ही स्वतः वेदीवरून एकाहून अधिक वेळा उच्चारले आहे आणि भाविकांनी मान डोलावून ते स्वीकारले आहे. ज्या पुस्तकाने आमची ही खात्री डळमळीत केली त्याचा, आणि त्यावर बेतलेल्या चित्रपटाचा, परामर्श येथे घ्यावयाचा आहे.

पुस्तकाचे नाव 'नोमॅडलँड'. लेखिका जेसिका ब्रूडर या व्यवसायाने पत्रकार. २०१४ साली 'हार्पर्स' मासिकात त्यांनी निवृत्तीच्या अंताविषयी एक दीर्घ लेख लिहिला. त्याचाच विस्तार होऊन २०१७ साली हे पुस्तक प्रसिद्ध झाले. विषय साधा आहे. अमेरिकेत साठी-सत्तरीतील हजारो माणसे घर सोडून मोटारीत, व्हॅनमध्ये, जुन्या ट्रेलरमध्ये राहू लागली आहेत आणि हंगामाप्रमाणे कामाच्या शोधात देशभर फिरत आहेत. उन्हाळ्यात सरकारी वनांतील तंबूस्थळांची राखण आणि शौचालयांची सफाई, शरदात उत्तरेकडील शेतांत साखरबीटाची काढणी, नाताळच्या आधी ॲमेझॉनच्या गोदामात माल उचलणे, आणि थंडीत ॲरिझोनाच्या वाळवंटात क्वार्टझाइट या गावाजवळ मुक्काम. लेखिकेने या लोकांबरोबर सुमारे तीन वर्षे काढली, स्वतः एक व्हॅन घेतली, बीटाच्या काढणीत आणि गोदामातही काम केले.

पुस्तकाची नायिका लिंडा मे. वय चौसष्ट. जीपला जोडलेला एक छोटासा ट्रेलर, हेच तिचे घर. या बाईने आयुष्यात काय केले नाही? तिने ट्रक चालविला, मद्यगृहात पेये वाढली, इमारतींची तपासणी केली, आयकर खात्यात दूरध्वनीवर लोकांच्या शंका निरसन केल्या, दुकानात गल्ल्यावर बसली. शिवाय दोन मुली वाढविल्या. आळशी, उधळ्या वा व्यसनाधीन माणसाची ही कथा नव्हे, हे लेखिका पहिल्या काही पानांतच स्पष्ट करते. मग ही बाई चाकांवर का आली? या 'का'चे उत्तर पुस्तक भावनेने न देता हिशेबाने देते, आणि आमच्या मते हेच त्याचे सर्वांत मोठे बळ आहे.

हा हिशेब थोडा उलगडून सांगणे आवश्यक आहे, कारण त्यावाचून पुस्तकाचे मर्म कळणार नाही. अमेरिकेत वृद्धांच्या उत्पन्नाचे तीन पाय मानले जात : सरकारी निवृत्तिवेतन, मालकाने दिलेले निवृत्तिवेतन आणि स्वतःची बचत. पहिला पाय १४ ऑगस्ट १९३५ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सही केलेल्या सामाजिक सुरक्षा कायद्याचा. हे वेतन माणसाच्या सर्वाधिक कमाईच्या ३५ वर्षांच्या सरासरीवर ठरते. ज्या वर्षी कमाई नाही, ते वर्ष शून्य धरले जाते. आता लिंडासारख्या बाईचा विचार करावा. मुले लहान असताना घरी राहिलेली वर्षे शून्य, आजाऱ्याची शुश्रूषा केलेली वर्षे शून्य, काम केले पण मजुरी हलकी असलेली वर्षे जवळजवळ शून्य. चित्रपटात लिंडा स्वतः सांगते, की बारा वर्षांची असल्यापासून आपण काम करीत आलो आणि अखेरीस संगणकावर पाहिले तर हाती येणार होते दरमहा ५५० डॉलर. आपल्याला हा आकडा रुपयांत मोठा वाटेल. पण तेथे एका खोलीचे भाडेही त्यात बहुतेक ठिकाणी भागत नाही.

दुसरा पाय मालकाच्या निवृत्तिवेतनाचा. तोही कधी फार भक्कम नव्हता. १९६३ च्या डिसेंबरात स्टूडबेकर या मोटारकंपनीने साउथ बेंड येथील कारखाना बंद केला, तेव्हा साठीच्या आतील सुमारे ४,००० कामगारांना त्यांच्या हक्काच्या रकमेपैकी डॉलरमागे पंधरा सेंट मिळाले. त्या प्रकरणाचा बोध घेऊन १९७४ साली कामगारांच्या निवृत्तिवेतनाला संरक्षण देणारा कायदा झाला. पण चारच वर्षांनी, १९७८ च्या करकायद्यात, ४०१(के) या नावाने ओळखले जाणारे एक कलम आले आणि त्याने हळूहळू सारे चित्र पालटले. पूर्वी मालक ठरावीक रक्कम आमरण देण्यास बांधलेला असे; बाजार पडला तर जोखीम त्याची. नव्या पद्धतीत कामगाराने आपल्या पगारातून पैसे बाजारात गुंतवावयाचे. बाजार पडला तर जोखीम कामगाराची. २००८ साली बाजार खरोखरच पडला. ज्यांची निवृत्ती दोन-चार वर्षांवर आली होती त्यांची पुंजी अर्धीमुर्धी झाली, आणि ज्यांची बचत घराच्या किमतीत होती त्यांचे घरही गेले. म्हणजे दुसरा आणि तिसरा पाय एकाच धक्क्याने मोडला.

सरकारने या काळात काय केले? १९८३ साली पूर्ण निवृत्तिवेतनाचे वय ६५ वरून टप्प्याटप्प्याने ६७ वर नेण्याचा निर्णय झाला. गरजेपोटी ६२ व्या वर्षीच वेतन घेऊ पाहणाऱ्याला, ६७ वयाच्या नियमाखाली, आयुष्यभर तीस टक्के कमी रक्कम मिळते. त्याच दुरुस्तीने निवृत्तिवेतनावर प्राप्तिकरही लागू झाला. एकट्या माणसासाठी त्याची मर्यादा २५,००० डॉलर ठरली, आणि महागाई इतकी वाढूनही ती मर्यादा वाढविली गेली नाही. केंद्रीय किमान वेतन २००९ च्या जुलैत ताशी ७.२५ डॉलर झाले. त्यानंतर पंधराहून अधिक वर्षे उलटली तरी त्यात एका सेंटाचीही भर पडली नाही. उलट, सामाजिक सुरक्षेचा हप्ता पगाराच्या एका मर्यादेपर्यंतच कापला जातो. २०२५ साली ही मर्यादा १,७६,१०० डॉलर होती. त्यापलीकडे कितीही कमावणारा एक छदाम जास्त देत नाही. आणि निधी मात्र २०३३ च्या सुमारास आटेल, असे २०२५ च्या विश्वस्त-अहवालात म्हटले आहे. यांतला कोणताही निर्णय दुष्ट माणसाने रात्री अंधारात घेतलेला नाही. सारे भर दिवसा, सभागृहात, मते मोजून झाले.

ब्रूडर यांचे कौशल्य असे, की हे सारे त्या व्याख्यानाच्या रूपाने मांडीत नाहीत. गोदामाच्या भिंतीवर वेदनाशामक गोळ्या फुकट देणारी यंत्रे बसविली आहेत, एवढेच त्या दाखवितात. सत्तरीच्या माणसाने दहा तासांच्या पाळीत सिमेंटच्या फरशीवर कधी कधी पंधरा मैल चालावे, आणि त्या वेदनेवर उपाय म्हणून भिंतीवरची गोळी घ्यावी! टीकेचा एक शब्दही न उच्चारता केलेली याहून कठोर टीका आमच्या वाचनात क्वचितच आली असेल. त्याच ठिकाणी त्या सहज नोंदवितात, की विशिष्ट गरीब गटांतील माणसांना, त्यांत सरकारी साहाय्यावर जगणारे वृद्धही आले, कामावर घेतल्याबद्दल मालकाला त्यांच्या वेतनाच्या २५ ते ४० टक्क्यांपर्यंत करसवलत मिळत असे. ज्याला जगण्यापुरते वेतन मिळत नव्हते त्याला मदत न मिळता, त्याला राबविणाऱ्याला ती मिळत असे.

या पुस्तकावरून क्लोई झाओ यांनी त्याच नावाचा चित्रपट केला. २०२० च्या व्हेनिस महोत्सवात त्याला सुवर्णसिंह मिळाला. २०२१ साली सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि अभिनेत्री अशी तीन ऑस्कर पारितोषिके मिळाली. फ्रान्सेस मॅक्डोर्मंड यांनी साकारलेली फर्न ही विधवा चित्रपटासाठी निर्माण केलेली व्यक्तिरेखा. लिंडा मे, स्वांकी, बॉब वेल्स ही पुस्तकातील माणसे मात्र स्वतःच्याच भूमिकेत आहेत. फर्न ही नेवाडा राज्यातील एम्पायर या गावची. जिप्समच्या कारखान्याभोवती वसलेले हे गाव २०११ साली कारखाना बंद पडताच ओस पडले. पुढे त्याचा टपालक्रमांकसुद्धा रद्द झाला.

चित्रपटाचे सौंदर्य आम्ही नाकारीत नाही. शेकोटीभोवती बसून ही माणसे एकमेकांचे ऐकतात, आणि दिवंगत मैत्रिणीच्या स्मरणार्थ एकेक दगड अग्नीत टाकतात. तो प्रसंग पाहताना दफनभूमीतील आपली मूठभर माती आम्हांस आठवली. आत्महत्येच्या उंबरठ्यावरून आपण कशा परतलो, आपल्या दोन कुत्र्यांकडे पाहून हात कसा आखडला, हे लिंडा शांतपणे सांगते तेव्हा अभिनय आणि साक्ष यांतील सीमा पुसली जाते. दरिद्री माणसाला दयेचा विषय न करता त्याच्या चेहऱ्याकडे नीट, न घाईता पाहणे, हा या चित्रपटाचा गुण आहे. ज्या समाजात म्हाताऱ्या माणसाकडे कोणी पाहतच नाही, तेथे हा गुण लहान नव्हे.

परंतु येथेच आमचा मतभेद सुरू होतो. चित्रपटात फर्नला एकदा नव्हे, दोनदा घर देऊ केले जाते : एकदा बहिणीकडून, एकदा तिच्यावर जीव जडलेल्या एका सज्जन सोबत्याकडून. दोन्ही वेळा ती निघून जाते. तिला मृत पतीच्या स्मृतीने पछाडले आहे. रस्ता हाच तिचा स्वभाव आहे. बहीण तर तिला जुन्या काळी पश्चिमेकडे गेलेल्या साहसी वसाहतकारांच्या मालिकेत बसविते. परिणाम असा होतो, की प्रेक्षक एका असामान्य स्त्रीचे दुःख आणि स्वातंत्र्य पाहून हळवा होतो आणि समाधानाने घरी जातो. पुस्तकातील लिंडापुढे असे दोन दरवाजे उघडे नव्हते. ती मुलीच्या कुटुंबाबरोबर राहत होती. त्या घरात माणसे जास्त आणि खोल्या कमी असल्याने तिच्या वाट्याला बैठकीतला कोच आला होता. पुस्तकात जी सक्ती आहे ती चित्रपटात निवड झाली. जो अन्याय होता तो स्वभाव झाला. गोदामही चित्रपटात आहे, पण तेथे मैत्रिणी हसत जेवतात. भिंतीवरच्या गोळ्या पुस्तकातच राहिल्या.

कोणी म्हणेल, चित्रपट ही कलाकृती आहे, अहवाल नव्हे. कलेकडे आकडे मागू नयेत. हे म्हणणे आम्हांस मान्य आहे. पण आमचे मागणे आकड्यांचे नसून कारणांचे आहे. कलाकृतीला कारणे दाखविता येतात, याचा पुरावा अमेरिकेच्याच नाट्यवाङ्मयात आहे. आर्थर मिलर यांचे 'डेथ ऑफ अ सेल्समन' १९४९ साली रंगभूमीवर आले. त्रेसष्ट वर्षांचा फिरता विक्रेता विली लोमन आपल्या तरुण मालकापुढे उभा राहतो. आठवड्याला पासष्ट डॉलर मागतो, मग पन्नास, मग चाळीस. मालक नव्या ध्वनिमुद्रण यंत्राशी खेळत असतो आणि अखेर त्याला कामावरून काढून टाकतो. विलीचे दोष मिलर लपवीत नाहीत. तो बढाईखोर आहे, पत्नीशी अप्रामाणिक आहे, मुलांना त्याने खोटी स्वप्ने शिकविली आहेत. तरीही त्या कचेरीतील दृश्यात एक माणूस आणि एक व्यवस्था समोरासमोर उभी आहे, हे प्रेक्षकाला विसरता येत नाही. विलीला स्वतःच्या जगण्यापेक्षा आपला विमा अधिक मोलाचा वाटू लागतो, यातच सारी शोकांतिका आहे. स्वभाव आणि व्यवस्था यांपैकी एकाचा बळी देऊन दुसऱ्याचे चित्र रंगविण्याची गरज नाही, हे मिलर यांनी सिद्ध केले आहे. झाओ यांनी स्वभाव निवडला.

पुस्तकही निर्दोष नाही. लेखिकेच्या स्वतःच्या व्हॅनचे वर्णन काही ठिकाणी लांबते. या भटक्यांत कृष्णवर्णीय इतके थोडे का, हा प्रश्न ती विचारते. रस्त्याकडेला मोटारीत झोपलेल्या काळ्या माणसाकडे पोलीस कसे पाहतील याचा विचार करावा, असे सुचविते. पण तेवढ्यावरच थांबते. आणि आमच्या दृष्टीने महत्त्वाची उणीव ही, की या माणसांच्या प्रार्थनेविषयी, मरणाच्या भयाविषयी, ईश्वराशी असलेल्या भांडणाविषयी पुस्तक फारसे बोलत नाही. हिशेब पुस्तकात आहे, आत्मा चित्रपटात आहे. म्हणूनच आम्ही वाचकांना दोन्ही हाती घेण्यास सुचवितो, मात्र पुस्तक आधी.

हा विषय आपल्या नियतकालिकात का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर इतिहासात आहे. मजुरी ही केवळ सौद्याची बाब नाही, ती माणसाला कुटुंबासह सभ्यपणे जगविण्यास पुरेशी असली पाहिजे, हे पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात सांगितले. अमेरिकेत ते सूत्र उचलले जॉन रायन या धर्मगुरूंनी. १९०६ साली त्यांनी जगण्यायोग्य वेतनावर ग्रंथ लिहिला. १९१९ साली अमेरिकन महागुरूंच्या नावाने जो सामाजिक पुनर्रचनेचा कार्यक्रम प्रसिद्ध झाला तो मुळात रायन यांच्याच लेखणीतून उतरलेला. किमान वेतनाचा कायदा, आजार, बेकारी आणि वृद्धत्व यांसाठी विमा, अशा मागण्या त्यात होत्या. त्या काळी अनेकांना त्या साम्यवादी वाटल्या. पण १९३५ साली वृद्धांचे निवृत्तिवेतन आणि १९३८ साली किमान वेतन, ही दोन्ही देशाच्या कायद्यात आली. १९८६ साली महागुरूंनी पुन्हा आर्थिक न्यायावर मोठे पत्र काढले आणि अर्थव्यवस्थेची परीक्षा ती माणसांचे काय करते यावरून व्हावी, असे सांगितले. तेव्हाही श्रीमंत कॅथलिकांनी नाराजी व्यक्त केली. २०२५ च्या मे महिन्यात शिकागोचा एक सुपुत्र पोपपदी निवडला गेला आणि त्याने लिओ हेच नाव घेतले; ते तेराव्या लिओंच्या स्मरणार्थ, हेही त्यांनी कार्डिनलांना सांगितले. म्हणजे लिंडा मेचा प्रश्न ख्रिस्तसभेबाहेरचा नाही.

रूथची कथा आपण सारे जाणतो. बवाज दयाळू होता, हे आपण प्रवचनात सांगतो. पण त्या विधवेला शेतात पाऊल टाकता आले ते बवाजच्या दयेमुळे नव्हे. शेताच्या कडा गरिबांसाठी सोडाव्यात, पडलेली कणसे मालकाने वेचू नयेत, असा मोशेचा कायदा होता म्हणून. दया त्यानंतर आली. आधी कायदा, मग दया, हा क्रम आपण बहुधा उलटा करून सांगतो. उत्तर अमेरिकेच्या शेतांत बीट काढणाऱ्या सत्तरीच्या बाईपुढे शेत आहे, मजुरी आहे, क्वचित दयाळू मुकादमही आहे. तिच्यासाठी सोडलेली कड मात्र राहिलेली नाही.

आता आरंभी सांगितलेल्या त्या वाक्याकडे परत येऊ. 'तेथील मुले आईबापांना विचारीत नाहीत.' लिंडाच्या मुलीने आईला विचारले होते. तिच्याजवळ देण्यासारखा एक कोच होता. ज्या घरात दोन पगार मिळूनही भाडे कसेबसे भागते, त्या घरावर कृतघ्नतेचा शिक्का मारणे सोपे आहे. त्याने आपल्या संस्कृतीचा अभिमान सुखावतो आणि सरकार, मालक, बाजार सारे सुटतात. हा शिक्का आम्ही वेदीवरून मारला, याची आता आम्हांस खंत वाटते. आपल्याकडेही २०१४ साली भविष्यनिर्वाह निधीखालील कामगारांचे किमान निवृत्तिवेतन दरमहा १,००० रुपये ठरले. आपल्या धर्मग्रामांत ते घेणारे जुने कारखाना-कामगार आहेत. मुलगा सांभाळतो म्हणून त्यांचा प्रश्न दिसत नाही. मुलाची नोकरी गेली की तो दिसू लागतो, आणि मग आपण मुलाला बोल लावतो.

द्राक्षमळ्याच्या दाखल्यात दिवस मावळता मावळता चौकात उभ्या असलेल्यांना धनी विचारतो, की दिवसभर असे रिकामे का? ते सांगतात, आम्हांला कोणी कामावर घेतलेच नाही. या ओळीवर आम्ही वर्षानुवर्षे भाष्य केले आहे, पण उशिरा आलेल्यांवर देवाची कृपा एवढाच अर्थ आम्ही त्यातून काढीत आलो. 'नोमॅडलँड' वाचल्यावर दाखल्यातील दुसरी गोष्ट ध्यानी आली. धन्याने त्यांना त्यांच्या घरच्यांनी का सांभाळले नाही असे विचारले नाही, आणि संध्याकाळी हाती ठेवला तो तासांचा हिशेब नव्हता, एका दिवसाच्या जगण्याचा खर्च होता. चौसष्टाव्या वर्षी ट्रेलर ओढीत निघालेल्या त्या बाईला असा धनी अजून भेटलेला नाही. तोपर्यंत तिच्या मुलीविषयी बोलण्याचा आपल्याला अधिकार नाही.